गाडी बंद पडली आणि वर १०० पौंडांची पार्किंगची नोटीस (इंग्लंड) – लढू की भरून टाकू?

चहाबाज | २८ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

मंडळी, इंग्लंडात राहणाऱ्यांपैकी कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, डोकं फिरलंय.

८ तारखेला शनिवारी आईला घेऊन स्लावजवळच्या एका रिटेल पार्कात गेलो होतो (नाव मुद्दाम देत नाही). आई साताऱ्याहून दीड महिन्यासाठी आलीये, तिला थर्मल आणि जाड मोजे घ्यायचे होते. दुपारी १२:०४ ला आत गेलो, पार्किंग फ्री, पण जास्तीत जास्त ३ तास. सव्वादोनला सगळं उरकून गाडीत बसलो, किल्ली फिरवली तर नुसतं टक टक टक. येताना डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला होता आणि स्टिअरिंग पण जड झालेलं, पण म्हटलं घरी जाऊन बघू. चूक झाली.

२:३४ ला ब्रेकडाऊनवाल्यांना फोन केला, ते म्हणाले दीड तास. मग मेसेज आला अजून एक तास, मग अजून एक. ५:४८ ला माणूस आला. तोवर मिट्ट काळोख, चारलाच अंधार पडतो हल्ली, आई कॉफीशॉपमध्ये बसून तिसरा चहा पीत होती आणि प्रत्येक चहाचे रुपये करून मला ऐकवत होती. त्या माणसाने जंप स्टार्ट दिला, दोन मिनिटं चालली, परत ढिम्म. म्हणाला अल्टरनेटर गेलाय, शेवटी ट्रकवर चढवून घरी आणली. बाहेर पडलो ६:२७ ला.

परवा पत्र आलं. "६ तास २३ मिनिटे, मर्यादेचे उल्लंघन, १०० पौंड, १४ दिवसांत भरल्यास ६०". सोबत नंबरप्लेटचे दोन छोटे फोटो, आत जातानाचा आणि बाहेर येतानाचा.

आई म्हणतेय भरून टाक बाबा, परक्या मुलखात कोर्टकचेरी नको. बायको म्हणतेय एक पेनी द्यायची नाही. मी मध्ये.

---

नाशिकचा_निळू | २८ नोव्हेंबर, रात्री ११:०२

फाडून टाक. प्रायव्हेटवाल्यांना काही अधिकार नाही, दोनचार धमकीची पत्रं येतात लाल अक्षरात, मग गप्प होतात. मी २०११ ला हेच केलं होतं, काही झालं नाही.

---

वॉटफर्डची_वहिनी | २८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

निळूभाऊ, २०११ चं औषध २०२५ ला देऊ नका हो!! तेव्हा कायदा वेगळा होता. माझ्या दिरानेही असंच कोणाचं तरी ऐकून पत्रं ड्रॉवरमध्ये टाकली, घर बदललं, नवीन पत्ता कुणाला कळवला नाही, आणि थेट मॉर्गेजच्या वेळी कळलं की नावावर सीसीजे आहे. काउंटी कोर्टाचा निकाल त्याच्या अपरोक्ष लागून गेला होता. १०० पौंडाच्या भानगडीत घराचं डील दोन महिने अडकलं.

चहाबाज, पहिला प्रश्न, पत्रावर "पेनल्टी" लिहिलंय की "पार्किंग चार्ज नोटीस"? दोन्हीचं लघुरूप पीसीएनच होतं म्हणून लोक फसतात. पेनल्टी चार्ज म्हणजे काउन्सिलचा, त्याला कायद्याने दंड म्हणतात आणि त्याचा मार्ग पूर्ण वेगळा, शेवटी ट्रिब्युनल. पार्किंग चार्ज म्हणजे खाजगी कंपनीचं बिल समज. तुम्ही आमचा बोर्ड वाचून आत आलात म्हणजे करार झाला, तो मोडलात तर इतके पैसे, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

---

चहाबाज | २८ नोव्हेंबर, रात्री ११:२६

पार्किंग चार्ज. खाली बीपीएचा (ब्रिटिश पार्किंग असोसिएशन, पार्किंग कंपन्यांची संघटना) लोगो आहे.

---

कायदेकानू | २९ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

सुप्रभात. मी इथे पॅरालीगल आहे, वकील नाही, तेव्हा हा सल्ला डोळे झाकून मानू नका.

चहाबाज, सगळ्यात आधी वरची पोस्ट एडिट करा. "मी गेलो", "मी किल्ली फिरवली" असं कुठेही लिहायचं नाही. शाळेत कर्तरी-कर्मणी शिकवलं ते आत्ता कामाला येणार आहे. "गाडी लावण्यात आली", "चालकाने फोन केला". का ते सांगते.

खाजगी कंपनीचा करार असतो चालकाशी. चालक कोण हे तिला माहीत नसतं, डीव्हीएलए (इथलं आरटीओ समजा) तिच्याकडून अडीच पौंड घेऊन फक्त रजिस्टर्ड कीपरचं, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलीये त्याचं, नाव-पत्ता देतं. कीपरकडून पैसे मागायची सोय २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्टच्या शेड्यूल ४ ने झाली (त्याच कायद्याने १ ऑक्टोबर २०१२ पासून खाजगी जागेत चाकाला क्लॅम्प लावणं बंद झालं, म्हणजे एक दार लावलं आणि दुसरं उघडलं). निळूभाऊंचं २०११ म्हणूनच चालून गेलं. पण त्या सोयीला अटी आहेत. कॅमेऱ्यावरून नोटीस काढली असेल, काचेवर काही चिकटवलं नसेल, तर ती कीपरला १४ दिवसांत मिळायला लागते. मोजणी पार्किंग संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पोस्टाने आली तर टाकल्यानंतर दुसऱ्या कामाच्या दिवशी मिळाली असं धरतात.

पत्रावर तारीख काय आहे?

---

चहाबाज | २९ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

इश्यू डेट २१ नोव्हेंबर. हातात पडलं २६ ला.

---

कायदेकानू | २९ नोव्हेंबर, सकाळी ८:३१

मोजा मग. ९ नोव्हेंबर पहिला दिवस, २२ नोव्हेंबर चौदावा. पत्र २१ ला, शुक्रवारी निघालं. शनिवार-रविवार कामाचे दिवस नाहीत, म्हणजे सोमवार एक, मंगळवार दोन. २५ ला पोचलं असं धरणार, तीन दिवस उशीर. कीपरवर जबाबदारी ढकलता येत नाही. चालकाचं नाव न घेता एवढंच लिहा आणि गाडी बंद पडली की नाही याची गोष्ट सांगायचीसुद्धा गरज नाही. मिटलं समजा 😊

---

कल्याण_स्लो | २९ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

वा कानूताई!! शनिवार-रविवारने वाचवलं 👏👏

---

चहाबाज | २९ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

ताई... एक सांगायचं राहिलं. २६ ला पत्र आल्या आल्या संतापात मी त्यांच्या वेबसाइटवर अपील टाकलंय. त्यात सुरुवातच अशी आहे की "मी माझ्या आईसोबत आलो, मी गाडी पार्क केली, माझी गाडी सुरू झाली नाही". पानभर मी मी मी.

---

सदाशिवपेठी | २९ नोव्हेंबर, सकाळी ९:०९

कर्तरी प्रयोग!

---

कायदेकानू | २९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

😑 स्वतःच्या पायावर धोंडा म्हणतात तो हा. ठीक आहे, चालक कोण ते आता त्यांच्याकडे तुमच्याच हस्ताक्षरात आहे, १४ दिवसांचा मुद्दा गेला. आता खऱ्या गोष्टीवर लढायचं. दुपारी सविस्तर लिहिते, मुलाचा स्विमिंग क्लास आहे.

---

क्लाईडकाठी | २९ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

ग्लासगोहून. वाचणाऱ्यांपैकी कोणी स्कॉटलंडात असेल तर लक्षात ठेवा, ते शेड्यूल ४ फक्त इंग्लंड आणि वेल्सला आहे, आमच्याकडे लागू नाही. म्हणून इथे "नाव सांगू नका, पैसे देऊ नका" हा मंत्र जोरात चालतो. पण चालक तुम्हीच आहात हे सिद्ध झालं तर इथेही करार तो करारच. २०१७ मध्ये डंडीच्या शेरिफ कोर्टाने एका बाईंना साडेचोवीस हजार पौंड भरायला सांगितले होते, शेकडो तिकिटं न भरता साठवली होती त्यांनी. तेव्हा सरसकट फाडून टाकू नका.

---

पाना_पक्कड | २९ नोव्हेंबर, दुपारी १२:०२

कायद्याचं कानूताई बघतील. मला गाडीचं सांग. कुठली, किती सालची? त्या माणसाने मीटर लावला होता का? रिपोर्ट दिलाय का काही?

लाल बॅटरीचा दिवा आणि जड स्टिअरिंग एकदम आलं म्हणजे चार्जिंग होत नव्हतं हे दिवसासारखं स्वच्छ आहे, इलेक्ट्रिक स्टिअरिंगला करंट कमी पडला की ते आधी बोंबलतं. एक तर बेल्ट गेला नाहीतर अल्टरनेटर. नुसती बॅटरी उतरली असती तर जंपवर गाडी घरापर्यंत आली असती. हे मुद्दाम लिहितोय कारण समोरचा म्हणेल की बॅटरी उतरली, जंप केबल मागून घ्यायची होती कोणाकडून तरी, चार तास कशाला बसलात. त्याला उत्तर लागेल. आणि दिवा लागलेला असताना गाडी बंद का केली, असा प्रश्न मी विचारणार नाही, तुझी आई विचारेल.

---

चहाबाज | २९ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

२०१४ ची डिझेल. आईने विचारलं ऑलरेडी.

रिपोर्ट ईमेलवर आलाय. त्यात आहे: कॉल २:३४, आगमन ५:४८, बॅटरी ११.९ व्होल्ट, इंजिन चालू असताना व्होल्टेज वाढत नाही, अल्टरनेटर आउटपुट नाही, रस्त्यावर दुरुस्ती शक्य नाही, रिकव्हरी. शिवाय मधले तीन मेसेज फोनमध्ये आहेत. कॉफीच्या पावत्यापण आहेत, आईने जपून ठेवल्यात, "पुरावा" म्हणून नाही, भारतात जाऊन दाखवायला.

---

पाना_पक्कड | २९ नोव्हेंबर, दुपारी १२:२६

हा रिपोर्ट सोन्यासारखा आहे. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवं. गॅरेजचं बिल पण जोड, जुना अल्टरनेटर काढला असं त्यावर लिहून घे.

---

वॉटफर्डची_वहिनी | २९ नोव्हेंबर, दुपारी १:१५

अजून एक, आधी दुकानात जा. मोबाइलवर पावती दाखव, मॅनेजरला भेट. मोठ्या सुपरमार्केटचे मॅनेजर एका ईमेलमध्ये रद्द करून देतात, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून. मला एकदा असंच माफ झालंय. रिटेल पार्क असेल तर जागा कोणा मॅनेजिंग एजंटची असते, पार्कच्या बोर्डवर नाव सापडेल, त्यांना लिही. पार्किंग कंपनी त्यांची नोकर असते शेवटी.

---

कायदेकानू | २९ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

आले. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे बीपीए सभासद आहे, म्हणून कंपनीने अपील फेटाळलं तर ती तुम्हाला पॉप्लाचा (बीपीएच्या कंपन्यांसाठीची स्वतंत्र अपील सेवा) कोड देईल. फेटाळल्यापासून २८ दिवस, फुकट. पॉप्लाचा निकाल कंपनीला बांधील, तुम्हाला नाही, हरलात तरी कोर्टात सगळं नव्याने मांडता येतं. (दुसरी संघटना आयपीसी. त्यांचं अपील आयएएस या त्यांच्या अपील सेवेकडे जातं.) मात्र पॉप्लाला गेलात की ६० ची सवलत गेली, मग हरलात तर १००. हे ठरवून जा.

दुसरी आणि खरी गोम. पॉप्ला दयेवर निकाल देत नाही. "आई म्हातारी, थंडी होती, काळोख होता" याला ते परिस्थितीजन्य कारण म्हणतात आणि त्यावर अपील मान्य करत नाहीत, ते फक्त चार्ज योग्य लागला का एवढं बघतात. आपल्या लोकांचं इथेच चुकतं. आपण अर्ज लिहितो तो "तरी कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती" छापाचा. विनंती नको. "चार्ज लागूच होत नाही" असं लिहायचं.

का लागू होत नाही? बोर्डावरची अट म्हणजे ३ तासांत निघा. ३:०४ ला गाडी निघण्याच्या स्थितीतच नव्हती आणि त्याच्या अर्धा तास आधी मदत मागवली होती. म्हणजे ३:०४ नंतर गाडी "पार्क" केलेली नाही, ती अडकलेली आहे. ऑक्सफर्डला २०१६ मध्ये जॉप्सन म्हणून केस झाली, काउंटी कोर्टातलं अपील. त्या बाई घराच्या दारात टेबल उतरवायला थांबल्या होत्या. जज म्हणाले की थांबणं आणि पार्क करणं एक नाही, नाहीतर ट्रॅफिक जॅमला पार्क केलेल्या गाड्यांची रांग म्हणावी लागेल. आता प्रामाणिकपणे सांगते, ही केस तुम्हाला पूर्ण बसत नाही, कारण तुम्ही आधी खरेदीला रीतसर पार्क केलंच होतं, शिवाय काउंटी कोर्टाचा निकाल दुसऱ्या जजवर बंधनकारक नसतो. तरी वापरा.

समोरचा बीव्हिस फेकेल. २०१५ ची सुप्रीम कोर्टाची केस, चेम्सफर्डच्या रिटेल पार्कातली. दोन तास फ्री, हे गृहस्थ ५६ मिनिटं जास्त राहिले, ८५ पौंड. कोर्ट म्हणालं की रक्कम नुकसानीपेक्षा मोठी असली तरी गाड्या हलत्या राहाव्यात यात मालकाचा रास्त हितसंबंध आहे, म्हणून ती बेकायदा पेनल्टी नाही. त्या दिवसापासून "१०० पौंड फार आहेत" हा युक्तिवाद मेला, तो लिहूच नका. पण त्यातच तुमचं उत्तर आहे. १०० पौंडांची भीती घातली म्हणून माणूस वेळेत निघतो हा तो हितसंबंध. अल्टरनेटर भीतीने चालत नाही.

तिसरा मुद्दा म्हणजे करार पाळणं कोणाचाही दोष नसताना अशक्य झालं तर तो तिथे थांबतो, हे तत्त्व १८६३ पासूनचं आहे, टेलर विरुद्ध कॉल्डवेल. कार्यक्रमासाठी भाड्याने घेतलेला हॉलच आधी जळून गेला, आता कार्यक्रम कुठे करणार. काही जज पार्किंगला हे लावू देतात, काही म्हणतात गाडी नीट ठेवणं तुमचं काम, दिवा लागला होता ना? म्हणून दिव्याचा उल्लेख अपिलात स्वतःहून करू नका. खोटं बोलू नका, पण कोणी विचारलं नसेल तर सांगतही सुटू नका, २६ तारखेला केलं ते पुरे.

आणि चौथं, आजच एसएआर पाठवा, म्हणजे तुमच्याबद्दल कंपनीकडे असलेला सगळा डेटा मागायचा. एक महिन्यात द्यावा लागतो, फी नाही. त्यात कापलेले नाही, पूर्ण फोटो मागा.

---

सदाशिवपेठी | २९ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

हे सगळं छान आहे, पण शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आमचे आजोबा सांगायचे, आणि ते स्वतः मामलेदार कचेरीत होते. साठ पौंड म्हणजे काय, दोन वेळा बाहेर जेवलात.

बाकी तिकडे निदान पत्र तरी येतं. आमच्या नाना पेठेत २०२१ ला टोइंगवाल्यांनी दुचाकी माणसासकट उचलली होती, बसलेला होता तो वर!

---

कायदेकानू | २९ नोव्हेंबर, दुपारी ४:२२

आजोबांचं कोर्ट पिढ्यान् पिढ्या चालायचं हो. इथलं स्मॉल क्लेम एका दुपारचं असतं, टेबलाभोवती बसून, समोरच्याच्या वकिलाचा मोठा खर्च बोकांडी बसत नाही. आणि अजून आपण त्या पायरीच्या आसपासही नाही.

---

कल्याण_स्लो | २९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

मी व्हिसावर आहे, माझ्यासारख्यांसाठी विचारतो, अशाने आयएलआरला (इथे कायम राहायच्या परवान्याला) काही होतं का? आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांनी या भीतीनेच असले चार्ज भरलेत.

---

वॉटफर्डची_वहिनी | २९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

खाजगी पार्किंग चार्ज हा गुन्हा नाही, पोलिसांचा संबंध नाही. अपील केलं म्हणून कोणी काळ्या यादीत टाकत नाही. कोर्टाचं पत्र आलं आणि तुम्ही झोपून राहिलात, मग सीसीजे, मग क्रेडिट रेकॉर्डवर ६ वर्षं, हे मात्र नको. तरीही निकाल लागल्यावर महिन्याभरात पैसे भरले तर नोंद पुसली जाते. त्याआधी ज्या वसुलीवाल्यांची पत्रं येतात, ७० पौंड वाढवून, त्यांना दारात यायचा काही अधिकार नसतो, ते बेलिफ (कोर्टाचे जप्तीवाले) नव्हेत. "लेटर ऑफ क्लेम" (दावा लावण्याआधीचं पत्र) आलं तर मात्र उठून बसा, ३० दिवसांत उत्तर. आणि पत्ता बदलला की गाडीच्या लॉगबुकवर (नोंदणीच्या कागदावर) बदला रे बाबांनो, माझ्या दिराला स्मरून.

---

चहाबाज | १६ डिसेंबर, रात्री ९:१५

अपडेट. दुकानाच्या मॅनेजरला भेटलो, बिचारा चांगला होता, पण म्हणाला जागा आमची नाही. एजंटला दोन ईमेल केले, उत्तर नाही. काल कंपनीने अपील फेटाळलं. "तुमची गैरसोय झाली याबद्दल खेद आहे, परंतु वाहन सुस्थितीत ठेवणे ही चालकाची जबाबदारी आहे." पॉप्लाचा कोड आलाय. ६० ची ऑफर परत १४ दिवस उघडी केलीये, गाजर.

आई परवा गेली. विमानतळावर शेवटचं वाक्य, "ते पार्किंगचे भरलेस का?"

---

कायदेकानू | १६ डिसेंबर, रात्री ९:४०

१२ जानेवारीपर्यंत वेळ आहे. घाई नको, एसएआर येऊ द्या. तोवर जाऊन बोर्डांचे फोटो काढा, अंधार पडल्यावरही. बंद पडल्यास कुठे कळवायचं याचा नंबर कुठल्या बोर्डवर आहे का बघा. आणि दोन्ही संघटनांचा मिळून एक कोड ऑफ प्रॅक्टिस (कंपन्यांसाठीची नियमावली) १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे, त्याला अपील चार्टर जोडलेलं आहे. उघडून वाचा, पॉप्लाला त्यातले शब्द कळतात.

---

चहाबाज | २३ डिसेंबर, संध्याकाळी ६:५०

मंडळी!!!!!

एसएआरचं उत्तर आलं. पूर्ण फोटो आलेत. नोटिशीवर नुसती नंबरप्लेटची पट्टी होती ना, तिचा मूळ फोटो बघा म्हणजे कळेल. ६:२७ चा, काळाकुट्ट, दाणेदार, पण कडेला ट्रकचे पिवळे दिवे आणि उतरती फळी सरळ दिसतेय आणि माझी गाडी जमिनीपासून चार फूट वर!! पट्ट्याने बांधलेली, मागचं चाक हवेत म्हणजे फळीवर. बाहेर जातानाचा "पुरावा" म्हणून यांनी ट्रकवर चढवलेल्या गाडीचा फोटो घेतला, मशीनने नंबर वाचला, आणि तेवढीच पट्टी कापून मला पाठवली.

बायकोने प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय.

---

सदाशिवपेठी | २३ डिसेंबर, संध्याकाळी ६:५८

गाडीची वरात!! 😂 माझे शब्द मागे. लढा.

---

पाना_पक्कड | २३ डिसेंबर, संध्याकाळी ७:२०

बांधणी पण व्यवस्थित आहे, मागच्या दोन्ही चाकांना पट्टे. माणूस जाणकार होता.

---

नाशिकचा_निळू | २३ डिसेंबर, रात्री ८:०५

आता मीच म्हणतो फाडू नको, फ्रेम कर.

---

कायदेकानू | २३ डिसेंबर, रात्री ८:३०

वा. आता मांडणी उलटी करा. कोर्टकेसेस शेवटी, फोटो पहिल्या पानावर. पहिलं वाक्य असं काहीतरी, की कंपनीच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात गाडी दुसऱ्या वाहनावर लादून बाहेर नेलेली दिसते, म्हणजे ती स्वतःच्या चाकांवर निघू शकत नव्हती याचा पुरावा कंपनीकडे नोटीस काढायच्या आधीपासून होता. मग वेळापत्रक, २:३४, मेसेज, ५:४८, ६:२७. मग रिपोर्ट, गॅरेजचं बिल. मग ३:०४ नंतर पार्क नव्हे, अडकलेली. मग बोर्डांचे फोटो. आईचा चहा नको.

---

चहाबाज | ४ जानेवारी २०२६, दुपारी २:१०

टाकलं. तीन पानं. "मी" एकूण दोनदा आलाय, मोजले. बोर्ड नऊ बघितले, एकावरही बंद गाडीसाठी नंबर नाही, आणि त्यातले दोन अंधारात वाचता येत नाहीत, तेही जोडलं. चहा नाही टाकला पण कॉफीशॉपच्या पावत्या वेळेसकट जोडल्या, आईला विचारून, तिने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले साताऱ्याहून.

---

वॉटफर्डची_वहिनी | ४ जानेवारी, दुपारी २:४५

पावत्या खरंच नेल्या त्यांनी 😄 आता कंपनीचे कागद येतील पॉप्लाकडे, त्यावर तुला ७ दिवस मिळतात बोलायला, ईमेलचा स्पॅम फोल्डर बघत राहा.

---

चहाबाज | ६ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

कागद आलेच नाहीत. आत्ता पॉप्लाचा ईमेल आलाय, कंपनीने अपिलाला विरोध न करता चार्ज मागे घेतला. दोन ओळी. कारण दिलेलं नाही, सॉरी तर सोडाच. कानूताई, वहिनी, पाना_पक्कड, सगळ्यांचे आभार, भेटलात तर चहा माझ्याकडून.

आईला फोन केला. म्हणाली बरं झालं, आणि अल्टरनेटरला किती गेले? ३४० सांगितल्यावर म्हणाली, म्हणजे दिवा लागला तेव्हाच गॅरेजला नेली असतीस तर...

---

पाना_पक्कड | ६ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

काकूंना माझा नमस्कार सांग.

---

कायदेकानू | ६ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

मस्त! ईमेल जपून ठेवा, निदान सहा वर्षं, कधीकधी एका हाताने मागे घेतात आणि दुसऱ्या खात्यातून वसुलीचं पत्र येतं. प्रायव्हेट चार्जवर दावा करायची मुदत तेवढी असते.

---

रेडिंगकर_नवा | ११ फेब्रुवारी, रात्री ११:४८

नमस्कार, आत्ताच सभासद झालो, धागा पूर्ण वाचला. माझं थोडं वेगळं आहे, गाडी बंद नाही पडली, टायर पंक्चर, आणि स्पेअर नाही, फक्त फेसाची बाटली होती जी चालली नाही. रेल्वे स्टेशनचं पार्किंग. पत्रावर आयपीसीचा लोगो आहे आणि मी अजून कोणालाही काहीही लिहिलेलं नाही, शपथ. पहिलं काय करू?

---

कायदेकानू | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

आधी ही पोस्ट एडिट करा. "माझं" काढा. स्टेशनची जागा रेल्वेच्या बायलॉजखाली असेल तर शेड्यूल ४ तिथे लागूच होत नाही, म्हणजे कीपरला पकडता येत नाही. पत्राची तारीख आणि बोर्डावर नक्की काय लिहिलंय ते टाका, वेगळ्या धाग्यात.